सून : लागू नाही

रेशनकार्डावर सून असते. नावापुढे नातं, नात्यापुढे वय, सगळं रीतसर. तिथे खाणारी तोंडं मोजायची असतात, त्यामुळे तिला वगळून चालत नाही. पण घरात कुणी अंथरुणाला लागलं, आणि त्या माणसाचं करणाऱ्याला सरकारकडून चार पैशांचा आधार मिळतो का हे शोधायला निघालं, की रेशनकार्डावरची ही ठसठशीत बाई एकेका कागदातून नाहीशी होत जाते. ती बाई मी आहे, म्हणून मला हे जरा जवळून दिसलं.

आमच्या सासूबाईंना पार्किन्सन्स आहे. वय त्र्याऐंशी. डोकं घरातल्या सगळ्यांपेक्षा तल्लख, फक्त हातपाय त्यांचं ऐकत नाहीत. या घरात आपलं कुणी ऐकत नाही ही त्यांची तक्रार जुनीच. त्यात आता स्वतःचे पायही सामील झाले, एवढंच. त्यांना उठवायचं, बसवायचं, न्यायचं, आणायचं. गोळीची वेळ म्हणजे डोंबिवलीहून सुटणाऱ्या जलद लोकलची वेळ. एक चुकली की दिवसाचं वेळापत्रक कोलमडतं. हे सगळं करायला मी कोचिंग क्लासची नोकरी सोडली. सोडताना घरात कुणी 'सोड' म्हणालं नाही. कुणी 'सोडू नकोस' असंही म्हणालं नाही. आमच्याकडे मोठे निर्णय असेच एकमताने होतात.

"एवढं करता तुम्ही, सरकार काही देत असेल की," असं दुसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात म्हणाले. या देशात प्रत्येक माणसाला खात्री आहे की सरकार दुसऱ्याला काहीतरी देतं. मी म्हटलं, बघू तरी.

सुरुवात दिव्यांगत्वाच्या दाखल्यापासून करायची असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि पार्किन्सन्स त्यांत नावानिशी आहे. पण नुसता आजार असून भागत नाही, टक्के पडावे लागतात. निदान ४० पडले तर पास. ज्या घरात नातवाला गणितात एक्क्याण्णव पडले म्हणून दोन दिवस अबोला होता, त्या घरातली मंडळी तपासणीच्या दिवशी देवापुढे दिवा लावून बसली की निदान चाळीस तरी पडू देत. नवऱ्याची मजल पुढची होती. ८० टक्क्यांवर गेलं की दिव्यांगत्व 'तीव्र' धरतात आणि करसवलत वाढते, असं त्याला कळलं होतं. तो गाडीत आईला सांगत होता, "आई, डॉक्टरांसमोर उगाच ताठ बसू नकोस." आणि सासूबाई, ज्यांना एरवी पाठ सरळ करायला दोन माणसं लागतात, त्या डॉक्टरांसमोर अशा बसल्या की जणू मुलगी बघायला आली आहेत मंडळी. बेचाळीस टक्के पडले. "मॅट्रिकला मला छप्पन होते," त्या परतताना म्हणाल्या. "या वेळी अभ्यास कमी पडला."

मग नवऱ्याने सीएला फोन लावला. आयकराच्या जुन्या कायद्यात ८० डीडी नावाचं कलम होतं. अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी ७५ हजारांची वजावट, तीव्र असेल तर सव्वा लाखाची. अवलंबून कोण, तर पती किंवा पत्नी, मुलं, आईवडील, भाऊ आणि बहिणी. यादी वाचली की डोळे भरून येतात, काय ते गोकुळ. फक्त सासू नाही. सासरा नाही. म्हणजे उद्या मी पुन्हा नोकरीला लागले, कर भरू लागले आणि उरलेला दिवस सासूबाईंना उचलण्यात घालवला, तरी आयकर खात्याच्या लेखी मी एका अनोळखी वृद्धेला धरून उभी आहे. ती वजावट मिळणार त्यांच्या मुलाला, जो सकाळी आठच्या आत घर सोडतो आणि रात्री चपला काढता काढता विचारतो, "आई, बरी आहेस ना?" हे वाक्य आयकर खात्याच्या दृष्टीने पाऊण लाखाचं आहे.

पण तेही त्याला मिळालं नाही. सीएने शांतपणे सांगितलं की साहेब, तुम्ही नवी करप्रणाली घेतली आहे, तिच्यात ही वजावट नाही. जुनी घेतली तर ही मिळेल, पण एकूण कर जास्त बसेल. शिवाय तुमच्या आईंना कुटुंब निवृत्तिवेतन आहे, तेव्हा त्या 'अवलंबून' आहेत का, हाही प्रश्नच. सासूबाईंना खुर्चीतून पलंगावर जायला माझा खांदा लागतो. पण महिन्याच्या महिन्याला खात्यात रक्कम पडते, म्हणून त्या स्वावलंबी. नव्या करप्रणालीत सुनेबरोबर सासूही लागू नाही. निदान समता तरी आली.

२००७ साली ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा झाला. आईबाप मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात, महिन्याला जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत. मुलं म्हणजे कोण? मुलगा, मुलगी, नातू, नात. इथेही सून नाही. हा एकच कागद असा की ज्यात माझं नाव नाही हे वाचून मला बरं वाटलं, कारण इथे द्यायचे आहेत. पण सुख टिकत नाही. २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, त्यात व्याख्या वाढवून सून आणि जावई आत घेतले होते. ते विधेयक मंजूर न होताच ती लोकसभा संपली. पण त्यातून एक गोष्ट कळली. मी दिल्लीतून दिसते. फक्त वसुलीच्या खिडकीतून दिसते.

आपल्याकडे देखभालीसाठी पैसे देण्यापेक्षा देखभाल केली नाही म्हणून पैसे कापण्याची कल्पना जास्त लवकर सुचते. लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापण्याचा ठराव केला होता. आसामने तर २०१७ मध्ये कायदाच केला, पगाराच्या १० टक्के कपातीचा. मात्र आसामबद्दल मला वेगळा जिव्हाळा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात त्या सरकारने कर्मचाऱ्यांना आईवडिलांबरोबर किंवा सासूसासऱ्यांबरोबर वेळ घालवण्यासाठी दोन दिवसांची खास रजा दिली. सासूसासरे! छापील! रजा स्वतःच्या मौजेसाठी वापरायची नाही अशी अटही होती, जी माझ्या मते अनावश्यक होती. आणि ज्यांना आईवडील नाहीत, सासूसासरेही नाहीत, त्यांना रजा नाही. तिकडच्या कचेऱ्यांतून त्या आठवड्यात कितीजणांनी दूरच्या आत्याला सासू म्हणून पुढे केलं असेल, देव जाणे.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची गोष्ट त्याहून गोड आहे. २०२५ च्या जुलैत राज्यसभेत प्रश्न आला की वृद्ध आईवडिलांच्या देखभालीसाठी रजेची काही सोय आहे का. उत्तर मिळालं : आहे की. वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, २० दिवस अर्धपगारी, ८ दिवस नैमित्तिक आणि २ दिवस निर्बंधित, या कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येतात आणि आईवडिलांची देखभाल हेही वैयक्तिक कारणच. म्हणजे जी रजा लोक १९७२ च्या नियमांनुसार घेतच होते, तीच. दुसऱ्या दिवशी माझ्या नणंदेने बेंगळुरूहून बातमी फॉरवर्ड केली : 'आईवडिलांसाठी आता ३० दिवस रजा!' खाली दोन फुलं आणि हात जोडलेले. नणंद केंद्र सरकारच्या नोकरीत नाही. मीही नाही. फुलं मात्र पोचली.

थेट पैसा कुठे आहे का, तर आहे. दिव्यांग कायद्याच्या कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी देखभाल करणाऱ्याचा भत्ता असावा असं सरकारांना सांगितलेलं आहे. केरळमध्ये तर 'आश्वासकिरणम्' नावाची योजना बऱ्याच वर्षांपासून आहे, ती खास अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्यासाठी. रुग्णासाठी नव्हे, करणाऱ्यासाठी! हे वाचून मी उठून पाणी प्यायले. रक्कम महिन्याला ६०० रुपये. दिवसाला वीस. हे काम चोवीस तासांचं असल्याने ताशी ८३ पैसे. मी केरळला हसणार नाही. ज्या वर्गात बाकी कुणी वहीच आणली नाही, तिथे ज्याने निदान समास आखून आणला त्याला हसू नये.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना आहे. तिच्यात महिन्याला १५०० रुपये, आणि दिव्यांगांना २०२५ मध्ये वाढवून २५००. पण साधारण अर्जदाराच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं. वर्षाला! म्हणजे दिवसाला सत्तावन्न रुपये. या आकड्यात बसणारं कुटुंब आजारी पडायच्या आधी उपाशी पडलेलं असतं. आम्ही अर्थातच बसत नाही. लाडक्या बहिणीतही बसत नाही, तिथे मर्यादा अडीच लाखांची आहे. सरकारची बहीण होता येत नाही, सासूची सून होऊन काही मिळत नाही. माहेरी एक भाऊ आहे, तो भाऊबीजेला पाचशे एक घालतो. केरळपेक्षा नव्याण्णव कमी आणि तेही वर्षातून एकदा.

माझी दखल घेणारं एकच सरकारी काम मला सापडलं, आणि ते दर नोव्हेंबरात येतं. हयातीचा दाखला. पूर्वी पेन्शनरांना बँकेत जाऊन जिवंत असल्याची सही करावी लागे. आता फोनवर चेहरा दाखवून होतं, आणि हे खरंच चांगलं झालं. बोटांचे ठसे सासूबाईंचे उमटत नाहीत. साठ वर्षं भांडी, धुणं आणि पुरणपोळ्या यांत ते झिजून गेले. तर त्या अ‍ॅपमध्ये पेन्शनरच्या आधी दुसऱ्या एकाचा चेहरा घेतात. जो फोन धरणार त्याचा. त्याला म्हणतात ऑपरेटर. मी आधार नंबर टाकला, चेहरा दाखवला, आणि पडद्यावर मान्यता आली. मी ऑपरेटर झाले. लग्नानंतर सव्वीस वर्षांनी या घरात मला पद मिळालं. मानधनाचा रकाना मी शोधला, नव्हता.

पुढची गंमत अशी की अ‍ॅप म्हणतं, डोळे मिचकावा. माणूस जिवंत आहे आणि फोटो नाही, हे त्यावरून ठरतं. आणि पार्किन्सन्समध्ये माणसाचं डोळे मिचकावणं कमी होतं. सासूबाई फोनकडे एकटक बघत बसल्या. फोन त्यांच्याकडे. दोघंही हट्टी. "मिचकवा ना आई." "या वयात? परक्यासमोर?" शेवटी मी फुंकर मारली, पापणी लवली, आणि सरकारची खात्री पटली की या बाई अजून आहेत. ऑपरेटरच्या कामात फुंकर मारणं येतं हे कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत लिहिलेलं नाही.

माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते आणि तीही सासूचं करते. तिकडे याला रीतसर भत्ता आहे, आणि करणारी नात्याने कोण हे कुणी विचारत नाही. सून चालते. शेजारीण चालते. मला क्षणभर विमानाचं तिकीट दिसू लागलं. मग तिने अटी सांगितल्या. आठवड्याला निदान ३५ तास देखभाल करायची, त्याचे २०२५-२६ साली ८३ पौंड ३० पेन्स होते. तासाला अडीच पौंडही पडत नाहीत. बाजूला नोकरी करता येते, पण त्या वर्षी हातात आठवड्याला १९६ पौंडांपर्यंतच यायला हवे होते. एक पौंड वर गेला की भत्त्यातला एक पौंड जात नाही, त्या आठवड्याचा सगळाच जातो. पूर्वी खात्याला हे वर्षानुवर्षं लक्षात येत नसे आणि मग एकदम हजारो पौंडांच्या वसुलीचं पत्र येई. दोन माणसांचं करत असाल तरी भत्ता एकच. आणि स्वतः म्हातारे होऊन तिकडचं पेन्शन घेऊ लागलात, की बहुतेकांना पत्र येतं : आपण या भत्त्याला पात्र आहात, पण तो आपल्याला दिला जाणार नाही. हे वाचून मला इंग्रजांबद्दल पुन्हा आदर वाटला. आपल्याकडचा कारकून एवढ्या सभ्यतेने 'नाही' म्हणूच शकत नाही.

आणि हा भत्ता १९७६ साली सुरू झाला तेव्हा त्यातून कोण वगळलं होतं? लग्न झालेल्या बायका. कारण काय, तर त्या तशाही घरीच असतात. अक्षरशः डोंबिवली! मँचेस्टरकडच्या जॅकलिन ड्रेक नावाच्या बाईंनी आपल्या आईचं करायला नोकरी सोडली, भत्ता मागितला, 'तुम्ही विवाहित आहात' असं उत्तर आलं, आणि त्या थेट लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेल्या. १९८६ च्या जूनमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. निकालाच्या तोंडावर ब्रिटिश सरकारने घाईघाईने नियम बदलला, बाकीच्या विवाहित बायकांनाही भत्ता मिळू लागला. मी ही हकिगत सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी नीट ऐकली. म्हणाल्या, "आईचं केलं म्हणून दहा वर्षांत जमलं. सासूचं असतं तर कोर्ट पण म्हणालं असतं, त्यात काय एवढं."

आपल्या सरकारला हे काम ठाऊक नाही असं मात्र म्हणता येणार नाही. ते मोजतं. राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षण होतं, पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाच्या हिशेबाने कोण काय करत होतं ते लिहून घेतात. पहाटे चारपासून का सुरू करतात हे सासूबाईंच्या पहिल्या हाकेची वेळ ज्याला माहीत आहे त्याला विचारावं लागत नाही. २०२४ च्या सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या, घरच्यांची देखभाल करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटं घालवतात आणि पुरुष ७४. पुरुषांचा आकडा मला जास्त वाटला, पण 'गोळी दिलीस का?' हे विचारण्याचाही वेळ धरला तर बसेल. तेव्हा मोजून झालेलं आहे. बिल तयार आहे. फक्त ते कुणाच्या नावे फाडायचं ते ठरत नाही.

नातेवाईक मात्र रोखीत नाही तरी वस्तुरूपाने चुकते करतात. सर्वांत चलनात असलेली वस्तू म्हणजे पुण्य. "तुम्हाला पुण्य लागेल हो," असं मला आठवड्यातून बरेचदा सांगितलं जातं, आणि सांगणारा लगेच घड्याळ बघून निघतो. पुण्यावर कर नाही, व्याज चक्रवाढ, मुदत मात्र मृत्यूनंतरची. याउलट ब्यूरोची बाई. मध्यंतरी माझी पाठ धरली तेव्हा आम्ही बारा तासांची एक मावशी लावली. केरळच्या महिन्याभरच्या रकमेत तिची जेमतेम एक पाळी निघेल. आल्या आल्या तिने नियम सांगितले. पेशंटचंच बघणार. पेशंटचेच कपडे. घरच्यांचा चहा करणार नाही, पण घरच्यांनी केलेला घेणार, दोनदा. दुपारी एक तास पडणार. रविवार सुट्टी. मी अवाक होऊन ऐकत होते. ही माझीच नोकरी होती, फक्त तिला कुणीतरी कडा शिवून दिल्या होत्या.

मावशी जाताना एक वाक्य बोलून गेली. "ताई, तुमचा हात चांगला आहे. ब्यूरोत नाव घाला. लगेच लावतील."

रात्रभर मला झोप आली नाही (तशीही येत नाही). समोरच्या बिल्डिंगमधल्या शोभाताईंच्या सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून झोपून आहेत, आणि शोभाताई माझ्यासारख्याच घरात. समजा आम्ही दोघींनी ब्यूरोत नावं घातली. मी तिच्या सासूकडे बारा तास, ती माझ्या सासूकडे बारा तास. काम तेच, सासवा त्याच वयाच्या, अंतर एक रस्ता. पण एका रात्रीत आम्ही दोघी कमावत्या. दोघींना पगार, दोघींना रविवार, दोघींना दुपारचा एक तास आणि आयता चहा. ब्यूरोला कमिशन. देशाचं राष्ट्रीय उत्पन्न वाढलं, दोन रोजगार निर्माण झाले, एखादा मंत्री त्याचा आकडा भाषणात घेईल. आणि काही वर्षांत कुणीही 'घरीच असतेस ना' म्हणणार नाही, कारण आम्ही घरी नसूच. एकमेकींच्या घरी असू.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण मग पगार तर आपल्यालाच द्यावा लागेल की शोभाताईंना." मी म्हटलं, बरोबर. आणि त्यांचा नवरा मला देईल. "मग फायदा काय?" त्याला फायदा दिसेना. चारचौघांसारखाच आहे तो. शोभाताईंना मात्र क्षणात कळलं. त्या गॅस बंद करून बसल्याच. पाच मिनिटांत आम्ही अटींवर आलो. त्यांच्या सासूबाईंना ताटात भाकरीच लागते, आणि दुपारची मालिका चुकलेली चालत नाही. माझ्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, निधनवार्तांसकट, आणि मध्ये थांबून 'या कोण?' याचं उत्तर द्यावं लागतं. त्यांनी दिवाळी बोनसचा विषय काढला, मी एक पगार म्हटलं. आम्हाला दोघींना इतका अधिकाराने बोलण्याचा सराव नव्हता, पण जमत गेलं.

उरला एकच अडथळा, ज्यांचं करायचं त्यांची संमती. सासूबाईंना मी सगळी योजना नीट सांगितली. आकडे दिले. त्यांनी बराच वेळ विचार केला.

"शोभा चहात आलं किसून घालते की ठेचून?" त्यांनी विचारलं.

"विचारून सांगते."

"नुसतं विचारू नकोस. दोन दिवस येऊ दे, मी बघते आणि मग सांगते. आणि हे बघ, तिला तू रविवार सुट्टी द्यायची म्हणतेस, तर त्या दिवशी माझं कोण करणार?"

"मीच, आई. मलाही रविवारी सुट्टी असेल ना."